स्वाक्षरीचे मोल आणि वृत्तांताची जपणूक : ब्रिटिश पॉप संगीताच्या स्मृतिवस्तूंविषयी एक संवाद

एखाद्या व्यक्तीशी किंवा प्रसंगाशी जडलेल्या संबंधामुळे जी वस्तू तिच्या उपयोगापलीकडे जपली जाते तिला स्मृतिवस्तू म्हणतात, आणि ब्रिटिश पॉप संगीताच्या संदर्भात या वर्गात रेकॉर्डची वेष्टने, कार्यक्रमपत्रिका, प्रसिद्धीसाठी छापलेली छायाचित्रे, स्वाक्षरीवह्यांची पाने, गीतांचे कच्चे खर्डे आणि प्रसंगी वाद्येही मोडतात. १९६०च्या दशकाच्या आरंभी लिव्हरपूल, मँचेस्टर आणि लंडन येथील शाळकरी मुलेमुली नाट्यगृहांच्या मागच्या दाराशी ताटकळत उभी राहून गायकांच्या सह्या घेत असत, तेव्हा त्या सह्यांना कोणताही बाजारभाव नव्हता आणि अनेक वह्या पुढे घरच्या खणांत तशाच पडून राहिल्या. डिसेंबर १९८१मध्ये सॉदबीज या लिलावसंस्थेने लंडनमध्ये केवळ रॉक आणि पॉप संगीताशी निगडित वस्तूंचा लिलाव मांडला, आणि त्यानंतर या वस्तूंचा रीतसर बाजार उभा राहत गेला. मार्च २०१३मध्ये बीटल्सच्या चौघांच्या सह्या असलेली ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ या अल्बमची एक प्रत अमेरिकेतील लिलावात २ लाख ९० हजार ५०० डॉलरला विकली गेली.

या भावाबरोबर दोन प्रश्नही आले : सहीत जपण्यासारखे नेमके काय असते, आणि ते कोणी जपावे? पुढील संवादात शास्त्रचर्चेतील पूर्वपक्ष-उत्तरपक्षाच्या रीतीने दोन भूमिका समोरासमोर ठेवल्या आहेत. ‘संग्राहक’ खाजगी संग्रहाची बाजू मांडतो, तर ‘अभिलेखपाल’, म्हणजे कागदपत्रे व वस्तू त्यांच्या मूळ क्रमाने आणि सर्वांच्या उपयोगासाठी जतन करणाऱ्या संस्थेचा जाणकार, त्या भूमिकेची चिकित्सा करतो. दोन्ही पात्रे प्रातिनिधिक आहेत. त्यांनी दिलेले दाखले मात्र सार्वजनिक नोंदीतले आहेत.

संग्राहक : पॉप संगीत ही प्रतींची कला आहे, आणि स्वाक्षरीचे महत्त्व त्या वस्तुस्थितीतूनच उगवते. एकच ध्वनिमुद्रण लाखो तबकड्यांवर उमटते, त्यातील कोणतीही प्रत दुसरीपेक्षा अधिक अस्सल नसते आणि श्रोत्याला कलावंताचा आवाज मिळाला तरी त्याचे सान्निध्य मिळत नाही. ‘लव्ह मी डू’ ही बीटल्सची पहिली रेकॉर्ड ५ ऑक्टोबर १९६२ रोजी प्रसिद्ध झाली आणि दुसऱ्याच दिवशी विडनेस या गावातील डॉसन्स या वाद्यांच्या दुकानात बसून चौघांनी ग्राहकांना सह्या करून दिल्या. कारखान्यातून निघालेल्या हजारो एकसारख्या तबकड्यांपैकी त्या दुपारी त्या दुकानात असलेल्या मोजक्या तबकड्या सहीमुळे एकमेवाद्वितीय झाल्या, कारण त्यांच्यावर एका विशिष्ट दिवसाचा आणि चार विशिष्ट हातांचा ठसा राहिला. प्रतींच्या या महापुरात मूळ म्हणावे असे काही शिल्लक राहत असेल, तर ते सहीतच राहते, हे आपण मान्य कराल.

अभिलेखपाल : ठसा एकमेव असतो हे मान्य, परंतु तो त्या हातांचाच असतो का, हा पहिला प्रश्न आहे. बीटल्सच्या बाबतीत मागणी इतकी वाढली की त्यांचे दौऱ्यांतील सहायक नील अ‍ॅस्पिनॉल आणि मॅल इव्हान्स हे चौघांच्याही नावाने सह्या करीत, आणि खुद्द बीटल्सही गैरहजर सोबत्याचे नाव सर्रास लिहून टाकीत. कलावंताच्या जागी त्याच्या सहायकाने केलेल्या अशा सहीला या क्षेत्रात सचिवी स्वाक्षरी म्हणतात, आणि तिच्यात फसवणुकीचा हेतू नसला तरी ती ज्याच्या नावाची असते त्याची नसते. त्याशिवाय प्रसिद्धीच्या कार्डांवर छापलेल्या सह्या असतात, आणि ऑटोपेन नावाचे यंत्रही असते, जे साच्यात बसवलेली सही खऱ्या लेखणीने पुन्हा पुन्हा गिरवते. २०२२मध्ये बॉब डिलन या अमेरिकी गायकाच्या पुस्तकाच्या ५९९ डॉलर किमतीच्या ‘स्वाक्षरीयुक्त’ प्रतींवरील सह्या यंत्राने केल्याचे उघड झाले आणि प्रकाशकाला खरेदीदारांचे पैसे परत करावे लागले. ज्या एकमेवत्वावर आपला सारा युक्तिवाद उभा आहे, ते इतके सहज गिरवता येत असेल, तर त्या पायावर इमारत कशी उभारावी?

संग्राहक : पाया डळमळीत असल्यामुळेच संग्राहकांनी तो तपासण्याची विद्या घडवली, आणि ती विद्या विद्यापीठांत नव्हे तर हौशी माणसांच्या घरांत वाढली. फ्रीडा केली यांचे उदाहरण येथे आठवावे लागेल. बीटल्सचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांच्या कार्यालयात किशोरवयातच नोकरीला लागलेल्या या लिव्हरपूलच्या तरुणीने बीटल्सच्या चाहतामंडळाचे काम सुमारे दशकभर पाहिले, आणि चाहत्याला पाठवलेली वस्तू खरीच असली पाहिजे याविषयी त्या इतक्या काटेकोर होत्या की एका मुलीने धाडलेला उशीचा अभ्रा रिंगो स्टार यांनी खरोखर डोक्याखाली घ्यावा म्हणून त्यांनी तो रिंगो यांच्या आईकडे पोहोचवला. या सचोटीचा वारसा आज परीक्षणात दिसतो. १९६३मध्ये निघालेल्या ‘प्लीज प्लीज मी’ या पहिल्या अल्बमचे वेष्टन हातात घेतले, तर पुढची बाजू चकचकीत पारदर्शक पापुद्र्याने मढवलेली आढळते, आणि मागच्या बाजूला तो पापुद्रा नुसता कडांवरून दुमडून चिकटवलेला असून मधला पुठ्ठा पापुद्र्याविना व खरखरीत असतो. शाई गुळगुळीत पापुद्र्यावर धरत नाही, कागदावर धरते. म्हणून त्या काळातील सह्या बहुधा मागच्या बाजूस, छापील मजकुराशेजारच्या मोकळ्या जागेत सापडतात. भिंगाखाली धरल्यास बॉलपेनच्या टोकाने कागदात पडलेली बारीक खाच दिसते, दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे कोणती आधी ओढली तेही कळते. छापील सहीत मात्र ना खाच असते ना दाब, शाईचा सपाट थर किंवा छपाईचे ठिपके तेवढे दिसतात.

अभिलेखपाल : वेष्टनाचे हे वाचन खरोखर अभिलेखविद्येला शोभणारे आहे. अशक्यतेच्या कसोटीबद्दलही आपण सांगावे, कारण बनावट वस्तू पकडण्यात तिचा मोठा वाटा असतो.

संग्राहक : अशक्यतेची कसोटी म्हणजे वस्तू आणि सही यांचा काळ एकमेकांशी जुळूच शकत नाही हे दाखवून देणे. कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली १९८२मध्ये आणि जॉन लेनन यांची हत्या झाली ८ डिसेंबर १९८० रोजी. त्यामुळे त्यांची सही असलेली कोणतीही सीडी तपासणीशिवाय बाद होते. रोलिंग स्टोन्सचे ब्रायन जोन्स ३ जुलै १९६९ रोजी वारले आणि त्या गटाचा ‘लेट इट ब्लीड’ त्या वर्षीच्या डिसेंबरात आला. जॉय डिव्हिजनचे इयान कर्टिस १८ मे १९८० रोजी गेले आणि ‘क्लोजर’ जुलैमध्ये प्रसिद्ध झाला. डेव्हिड बोवी यांचा ‘ब्लॅकस्टार’ ८ जानेवारी २०१६ रोजी निघाला आणि दोनच दिवसांनी त्यांचे निधन झाले. या अल्बमांच्या दुकानी प्रतींवर या कलावंतांची नावे दिसली की संशय घ्यावा लागत नाही, जवळजवळ निर्णयच देता येतो. लेखणीलाही काळ असतो : शार्पी हा मार्कर १९६४मध्ये अमेरिकेत विक्रीला आला, म्हणून १९६३च्या कार्यक्रमपत्रिकेवर त्या जाड, सलग रेषेची ‘तत्कालीन’ सही असू शकत नाही.

अभिलेखपाल : आता आपणच दिलेल्या पुराव्यांकडे नीट पाहू. वेष्टनाचा पापुद्रा, मार्करचे वर्ष, अल्बमच्या प्रकाशनाची तारीख आणि कलावंताच्या मृत्यूचा दिनांक यांपैकी एकही गोष्ट सहीच्या आत नाही. नावाची वळणे अभ्यासाने गिरवता येतात, पण वस्तूभोवतीची परिस्थिती गिरवणे फार कठीण असते, आणि म्हणून सही खरी ठरते ती तिच्याभोवतीच्या वृत्तांतामुळे. हेलन शपिरो या तरुण गायिकेच्या दौऱ्यात २ फेब्रुवारी १९६३पासून बीटल्स हे दुय्यम कलावंत म्हणून सहभागी होते. एखाद्या वहीच्या पानावर शपिरो आणि बीटल्स यांच्या सह्या शेजारी शेजारी असतील, मागच्या पानावर त्याच दौऱ्यातील इतर गायकांची नावे असतील आणि वहीच्या पहिल्या पानावर त्या मुलीचे नाव व गाव असेल, तर ती वही एका संध्याकाळचा दस्तऐवज होते : कोण कोणाच्या आधी बाहेर आले, त्या रात्री खरी तारका कोण होती आणि चौघांना अजून किती लोक नावाने ओळखत होते, हे सारे तिच्यातून वाचता येते. बाजार या वहीचे काय करतो? तो तिची पाने सुटी करून वेगवेगळी विकतो, कधी सहीपुरता तुकडा कापून छायाचित्राखाली काचेत बसवतो, आणि चार वेगळ्या ठिकाणांहून, चार वेगळ्या वर्षांतले तुकडे जमवून ‘पूर्ण बीटल्स’ असा जोडसंच तयार करतो. ज्या पुराव्याने सही सिद्ध झाली असती, तोच पुरावा किंमत वाढवण्यासाठी कापून टाकला जातो.

संग्राहक : वही फोडणे ही हानी आहे, आणि जाणता संग्राहक तिचे समर्थन करणार नाही. परंतु दोष बाजाराचा असला तरी जतनाचे श्रेयही पूर्णपणे संस्थांना देता येणार नाही, कारण १९६०च्या दशकात पॉप संगीताचे कागद जपण्यासारखे आहेत असे संस्थांना वाटतच नव्हते. हंटर डेव्हिस हे १९६८मध्ये प्रसिद्ध झालेल्या बीटल्सच्या अधिकृत चरित्राचे लेखक. गाणी घडत असताना इकडेतिकडे पडलेले गीतांचे खर्डे, जे एरवी केराबरोबर गेले असते, ते त्यांनी विचारून घेतले आणि सांभाळले. आज ब्रिटिश लायब्ररीच्या दालनात अभ्यासक जे कागद पाहतात, ते एका खाजगी माणसाच्या लोभसवाण्या हव्यासामुळे टिकले. लेनन यांनी ज्या पियानोवर ‘इमॅजिन’ रचले, तो २०००मध्ये गायक जॉर्ज मायकल यांनी १४ लाख ५० हजार पौंडांना विकत घेतला, आणि तो त्यांनी स्वतःच्या घरात अडवून न ठेवता लोकांना पाहता यावा अशी व्यवस्था केली. प्रथम कोणीतरी प्रेमाने उचलून ठेवावे लागते, मगच संस्थेला जतन करण्यासाठी काही उरते.

अभिलेखपाल : डेव्हिस यांचा दाखला दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. त्यांनी कागद वाचवले हे खरे; पण ते खर्डे त्यांनी वर्षानुवर्षे ग्रंथालयात प्रदर्शनासाठी ठेवले आणि २०१३मध्ये लेनन यांच्या हातचे खर्डे व पत्रे सांस्कृतिक देणगी योजनेखाली, म्हणजे राष्ट्राला मोलाची वस्तू देणाऱ्यास करात सवलत देणाऱ्या योजनेखाली, ब्रिटिश लायब्ररीला कायमची देऊन टाकली, हे अधिक खरे. संग्रहाचे सार्थक संग्राहकाच्या हयातीतच ठरले. बोवी यांनी तर स्वतःचे साहित्य पद्धतशीरपणे सांभाळले होते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट वस्तुसंग्रहालयाकडे ते २०२३मध्ये आले तेव्हा त्यात ८० हजारांहून अधिक वस्तू होत्या, आणि २०२५पासून पूर्व लंडनमधील केंद्रात अभ्यासक त्यांतील वस्तू मागवून पाहू शकतात. पोशाखाचे रेखाचित्र, त्याच पोशाखाचे कापड, त्याच दौऱ्याचे पत्र आणि त्याच गाण्याचा खर्डा एका छपराखाली असल्याने एक वस्तू दुसरीला बोलते करते. याउलट सप्टेंबर २०२३मध्ये लंडनमध्ये झालेल्या, क्वीन या गटाचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांच्या वस्तूंच्या लिलावात १,४००हून अधिक लॉट, म्हणजे स्वतंत्रपणे बोली लावण्याची एकके, होते, आणि एका माणसाने एका घरात उभे केलेले जग काही दिवसांत जगभर विखुरले.

संग्राहक : विखुरले म्हणण्यापूर्वी त्या लिलावाचा दुसरा भागही नोंदवावा. वस्तू मर्क्युरी यांच्या जिवलग मैत्रीण मेरी ऑस्टिन यांच्या होत्या, मर्क्युरी यांनीच त्यांना त्या वारशाने दिल्या होत्या, आणि सुमारे तीन दशके त्यांनी त्या घरात जशाच्या तशा सांभाळल्या. लिलावापूर्वी सॉदबीजने महिनाभर प्रदर्शन विनाशुल्क खुले ठेवले, ते पाहायला सव्वा लाखाहून अधिक लोक आले, उत्पन्नाचा काही भाग एड्सविरोधी कार्याला गेला, आणि प्रत्येक वस्तूचे छायाचित्र व वर्णन सूचीत कायमचे नोंदले गेले. ‘बोहेमियन रॅप्सडी’चा हस्तलिखित खर्डा तोवर अभ्यासकांच्या दृष्टीआड होता, ब्रिटिश मिडलंड एअरवेज या विमानकंपनीच्या कागदांवर लिहिलेला तो मजकूर लिलावामुळेच जगासमोर आला, आणि गीताचे शीर्षक आधी ‘मंगोलियन रॅप्सडी’ असे लिहून मग त्यातला पहिला शब्द खोडला होता, हे १९७५च्या त्या गीताच्या घडणीविषयीचे तथ्य त्यातून कळले. तो खर्डा १३ लाख ८० हजार पौंडांच्या आसपास विकला गेला. किमतीने या कागदाचे महत्त्व कमी झाले असे कसे म्हणता येईल?

अभिलेखपाल : महत्त्व कमी झाले नाही, पण पुढचा अभ्यासक तो कागद कोठे पाहील, याची हमी आता कोणी देऊ शकत नाही. सूचीतील छायाचित्रात अक्षर दिसते, परंतु कागदाची मागची बाजू, दाब, खोडलेल्या रेषेखालची जुनी रेषा आणि पानांचा क्रम हे प्रत्यक्ष वस्तूतच तपासता येते. मर्क्युरी यांचेच उदाहरण महाराष्ट्रापर्यंत आणता येईल. १९४६मध्ये झांझिबारला पारशी कुटुंबात जन्मलेला फारुख बुलसारा हा मुलगा १९५०च्या दशकाच्या मध्यापासून सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहत होता, तिथे पियानो शिकला आणि ‘द हेक्टिक्स’ नावाच्या शाळकरी वाद्यवृंदात वाजवीत असे. मर्क्युरी हे आडनाव त्यांनी क्वीन हा गट १९७०मध्ये आकाराला आल्यानंतर घेतले. पाचगणीच्या काळातला म्हणून कोणी ‘फ्रेडी मर्क्युरी’ अशी सही असलेला कागद पुढे केला, तर तो काळाशी विसंगत ठरेल; आणि उलटपक्षी बुलसारा या नावाचा एखादा साधा शालेय कागद मिळाला, तर झगमगीत सहीपेक्षा तो संगीताच्या इतिहासाला अधिक काही सांगेल. बाजार मात्र पहिल्या नावाला भाव देतो, कारण ओळखले जाणारे नाव ते आहे. किंमत आणि माहिती यांच्या दिशा येथे वेगळ्या होतात.

संग्राहक : ही विसंगती स्वाक्षरीच्या एका प्रकारात तर अगदी उघड दिसते. कलावंताने सहीबरोबर मागणाऱ्याचे नाव आणि दोन शब्द लिहिले, तर तिला अर्पणयुक्त स्वाक्षरी म्हणतात. सामान्यतः विक्रेते अशा सहीला कमी भाव देतात, कारण नव्या मालकाला परक्या माणसाचे नाव भिंतीवर नको असते. काही जण ते नाव पुसून टाकण्याचा प्रयत्नही करतात. वास्तविक त्या नावामुळे सही कोणासाठी होती हे कळते, बनावट करणाऱ्याला अडचण होते, आणि कलावंत क्षणभर एका विशिष्ट माणसाशी बोलला याचा पुरावा राहतो. या एका मुद्द्यावर संग्राहकाने बाजाराविरुद्ध उभे राहिलेच पाहिजे, आणि अर्पणासह असलेली सही मुद्दाम शोधून घेतली पाहिजे.

अभिलेखपाल : आपण इथवर आलात, तर एक पाऊल आणखी टाकावे लागेल, कारण बाजाराने कलावंत आणि चाहता यांच्यातले ते क्षणभराचे बोलणेच अवघड करून टाकले आहे. रिंगो स्टार यांनी ऑक्टोबर २००८मध्ये जाहीर केले की त्या महिन्याच्या २० तारखेनंतर टपालाने आलेल्या कोणत्याही वस्तूवर ते सही करणार नाहीत. पॉल मॅकार्टनी यांनीही २०२१मध्ये आपण आता सह्या देत नसल्याचे सांगितले. मागणाऱ्याच्या हातातले छायाचित्र घरी जाणार की त्याच दिवशी विक्रीला लागणार, हे कलावंताला ओळखता येत नाही, म्हणून तो सर्वांनाच नकार देतो आणि त्यात खरा चाहता भरडला जातो. याहून कठोर उदाहरण लेनन यांच्या अखेरच्या दिवसाचे. न्यूयॉर्कमधील आपल्या निवासस्थानाबाहेर त्यांनी ‘डबल फँटसी’ या नव्या अल्बमवर ज्या माणसाला सही दिली, त्यानेच काही तासांनी त्यांची हत्या केली; तो अल्बम पुढे मोठ्या रकमेला विकला गेला. सौजन्याने दिलेल्या सहीची किंमत ज्या बाजारात मृत्यूच्या निकटतेमुळे वाढते, त्या बाजाराच्या नीतीचा विचार संग्राहकाला टाळता येणार नाही.

संग्राहक : त्या अल्बमची खरेदी-विक्री असमर्थनीय आहे, यात दुमत नाही. मात्र त्याच्या सावलीत सगळा व्यवहार काळा ठरवला, तर आजच्या लहान कलावंतांवर अन्याय होईल. ब्रिटनमध्ये आता नव्या अल्बमची आगाऊ नोंदणी करणाऱ्यांना सही केलेले कार्ड किंवा वेष्टन देण्याची प्रथा रुळली आहे; रफ ट्रेडसारख्या स्वतंत्र दुकानांत प्रकाशनाच्या आठवड्यात कलावंत येतात, थोडे गातात आणि सह्या देतात. ध्वनिप्रवाहातून मिळणारे मानधन फार तुटपुंजे असल्याने रेकॉर्ड आणि सीडीच्या विक्रीवर नवोदित गटाचे बरेच काही अवलंबून असते, आणि या विक्रीची गणना अधिकृत विक्रीक्रमवारीतही होते. येथे पैसे मधल्या दलालाकडे न जाता कलावंताकडे जातात, सही खरी असल्याची जबाबदारीही तोच घेतो.

अभिलेखपाल : त्यात कलावंताचे हित आहे हे मान्य, पण गोदामात गठ्ठ्याने केलेल्या सहीला आणि दुकानातल्या रांगेत, नाव विचारून केलेल्या सहीला एकच शब्द लावला तरी त्यांचा वृत्तांत वेगळा असतो. पहिली ही अस्सल सही आहे, दुसरी ही भेटीची नोंद आहे. हा फरक आज लिहून ठेवला नाही, तर पन्नास वर्षांनी तो कोणालाही ओळखता येणार नाही. म्हणून प्रश्न असा, की संग्राहक हा फरक जपण्यासाठी प्रत्यक्षात काय करू शकतो?

संग्राहक : पुष्कळ करू शकतो, आणि त्यासाठी संपत्ती लागत नाही. सही मिळाली त्या दिवशीच तारीख, ठिकाण, प्रसंग आणि सोबत कोण होते याचे टिपण वेगळ्या कागदावर लिहावे, वस्तूवर काही लिहू नये. तिकिटाचा तुकडा आणि दुकानाची पावती त्याच पाकिटात ठेवावी. विकत घेताना मालकीचा पूर्वेतिहास, म्हणजे वस्तू पहिल्या मालकाकडून आजवर कोणाकोणाच्या हाती गेली याची साखळी, लेखी मागावी. सही अस्सल असल्याच्या नुसत्या प्रमाणपत्रावर विसंबू नये, कारण ब्रिटनमध्ये असे प्रमाणपत्र देण्यासाठी कोणताही परवाना लागत नाही आणि त्याचे वजन ते देणाऱ्याच्या पतीइतकेच असते. २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार व्यापाऱ्याने विकलेली वस्तू वर्णनाप्रमाणे असली पाहिजे, म्हणून पावतीवर ‘हस्तलिखित मूळ स्वाक्षरी’ असे स्पष्ट वर्णन लिहून घ्यावे. कागद आम्लविरहित पाकिटात ठेवावा, चिकटपट्टी कधीही लावू नये, आणि मार्करची शाई उजेडाने झपाट्याने फिकी होत असल्याने भिंतीवर लावायची असेल तर छायाप्रत लावावी. वस्तुसंग्रहालये अशा कागदांवर ५० लक्सपेक्षा, म्हणजे मंद दिव्याच्या उजेडापेक्षा, जास्त प्रकाश पडू देत नाहीत. घरच्या खिडकीतून त्याच्या कितीतरी पट प्रकाश येतो. आणि वही असेल, तर ती वहीच ठेवावी.

अभिलेखपाल : यातील शेवटचे वाक्य संग्राहकांच्या प्रत्येक मेळाव्यात मोठ्याने उच्चारले जावे. त्याला एक जोड हवी : संग्रहाचे पुढे काय व्हावे हे मालकाने हयातीतच ठरवावे, आणि वस्तू विकायचीच झाली तरी तिची छायाचित्रे, टिपण आणि पूर्वेतिहास यांची एक प्रत एखाद्या ग्रंथालयाला वा स्थानिक अभिलेखागाराला द्यावी. वस्तूची मालकी खाजगी राहिली तरी वृत्तांत सार्वजनिक होऊ शकतो.

संग्राहक : प्रत देण्यास हरकत नसावी. मूळ वस्तू मात्र संस्थेकडेच गेली पाहिजे, हा आग्रह मान्य होणार नाही. संस्थांच्या गोदामांत असंख्य वस्तू न पाहिल्या जाता पडून असतात, आणि ज्याने ती वस्तू आयुष्यभर हाताळली, मित्रांना दाखवली, तिच्यामुळे रेकॉर्ड पुन्हा पुन्हा ऐकली, त्याच्याकडे ती अधिक जिवंत राहते.

अभिलेखपाल : आणि त्याच्यामागे ती कोणाकडे जाईल, हे माहीत नसते. या बाबतीत मतभेद राहू द्यावा. मात्र मर्क्युरी यांच्या लिलावातील एका वस्तूकडे दोघांनीही पाहावे. केन्सिंग्टनमधील त्यांच्या घराच्या बागेचे हिरवे दार, ज्यावर अनेक वर्षे चाहते आपले संदेश आणि नावे लिहीत राहिले, ते ४ लाख १२ हजार पौंडांहून अधिक किमतीला गेले. त्या दारावरचे मोल लिहिणाऱ्या अनामिकांनी निर्माण केले होते. पॉप संगीताचा इतिहास सही देणाऱ्याइतकाच सही मागणाऱ्याचा असतो याची याहून मोठी साक्ष मिळणे कठीण.

येथे दोन्ही पक्ष संपतात. त्यांच्यातील एक वाद मिटलेला नाही आणि तो मिटवण्याचा आव आणणेही योग्य होणार नाही : मूळ वस्तू खाजगी प्रेमाच्या आसऱ्याने राहावी की सार्वजनिक व्यवस्थेच्या, याचे उत्तर वस्तूगणिक आणि मालकागणिक वेगळे असेल. परंतु संवादाच्या ओघात दोघांनीही वेगवेगळ्या वाटांनी एकच गोष्ट सिद्ध केली. सही खरी की खोटी हे तिच्याभोवतीच्या परिस्थितीवरून ठरते, तिचा अर्थ ती कोणासाठी आणि कोठे केली यावरून ठरतो, आणि बाजार ज्या क्षणी नाव वेगळे कापून काढतो त्या क्षणी तो स्वतःच्याच मालाचा पुरावा नष्ट करतो. म्हणून संग्राहकाचे पहिले कर्तव्य वृत्तांत वस्तूपासून तुटू न देणे हे आहे. खरेदी, विक्री, देणगी आणि प्रदर्शन हे सर्व त्यानंतरचे.

या कर्तव्याला आता काळाचीही मर्यादा आहे. १९६३मध्ये पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज सत्तरीच्या उत्तरार्धात आहे, आणि नाट्यगृहाच्या कोणत्या दाराशी कोण किती वेळ थांबले होते, पेन कोणाचे होते, चौघांपैकी कोण आले आणि कोणाची सही दुसऱ्याने केली, हे तिच्या आठवणीत असले तरी बहुधा कोणत्याही कागदावर नाही. लिलावाच्या बोलीत पुढच्या वर्षीही भाग घेता येईल; ही साक्ष मात्र पुढच्या वर्षी मिळेलच असे नाही. ज्यांच्या घरी अशी वही आहे, त्यांनी तिच्या किमतीची चौकशी करण्याआधी जिने सह्या घेतल्या तिच्यासमोर बसून सारे विचारून लिहून घ्यावे, तारीख घालून त्याखाली तिची सही घ्यावी आणि तो कागद वहीबरोबर ठेवावा. त्या संग्रहातील सर्वांत महत्त्वाची सही तीच असेल.